बाई घरात असताना

“चप्पल काढ, हेमा. घरात बाई आल्यात आणि तू पोराला घिऊन कुठं निघालीस?”

हेमाचा एक पाय चपलेत होता, एक अजून फरशीवर. कडेवर चैतन्य, माझा नातू. चार वर्षांचं पोर, अंगभर कांजिण्या फुललेल्या, डोळे तापाने तारवटलेले, मान आईच्या खांद्यावर टाकून दिलेली.

“डॉक्टरांकडं जाऊन येते, आत्या. अंग नुसतं भाजतंय त्याचं.”

“भाजणारच. बाईंचा ताप हाय तो. आल्या तशा जातील. औषध दिलं की कोपतात त्या.”

“निदान विचारून तरी येते.”

“इचारायचं काय त्यात? ह्याच्या बापाला आल्या, ह्याच्या आत्याला आल्या. कुठला डॉक्टर बोलावला होता मी?”

एवढं बोलून मी उठले आणि सरळ उंबऱ्यात जाऊन बसले. पाठ एका चौकटीला, पाय दुसऱ्या चौकटीला. एरवी उंबऱ्यात कुणी टेकलं तर मीच घर डोक्यावर घ्यायची, पण त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. मला ओलांडून जायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. माझ्या लेकाचे, श्रीकांतचे वडील हयात असतानाही नव्हती.

हेमाने पायातली चप्पल काढली आणि पोराला घेऊन आत गेली. मला बरं वाटलं. सून ऐकते म्हटल्यावर कुठल्या सासूला बरं वाटत नाही?

याला आता वीस-एक वर्षं झाली. आम्ही इचलकरंजीत मागांच्या गल्लीत राहत होतो, अजूनही तिथेच राहतो. श्रीकांत सुताच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता आणि महिन्यातले निम्मे दिवस सुरतेला असायचा. तेव्हाही तो तिकडेच होता. घरात आम्ही दोघी आणि ते लेकरू. हेमा साताऱ्याकडची, पदवीपर्यंत शिकलेली, बालवाडीत शिकवायची. बोलायला मऊ, पण मनातलं कळू द्यायची नाही. मी सातवीत शाळा सोडलेली आणि मनातलं सगळं जिभेवर. आमचं पटायचं ते बहुतेक तिच्यामुळेच.

कांजिण्यांना आमच्यात नाव घेऊन बोलत नाहीत. बाई आल्यात म्हणायचं. बाई पाहुण्या असेपर्यंत घराने त्यांच्या कलाने वागायचं. पोराला लिंबाच्या पाल्यावर निजवायचं, बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, केस विंचरायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तळण नाही, फोडणी नाही. कढईत मोहरी तडतडली की तेच फोड पोराच्या अंगावर उठतात, असं माझ्या सासूने मला सांगितलं होतं आणि मी हेमाला सांगितलं. सांगताना जरा जास्तच सांगितलं. सासू झालं की माणसाला सांगण्याची हौस येते.

तर घरात नुसतं वरण-भात, दूध-भात, दही-भात. हेमा मुकाट्याने खायची. चैतन्य तर काही खातच नव्हता, पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागत होतं. तोंडातही फोड आले होते त्याच्या. खायचे वांधे खरे झाले ते माझे. मला तिखटाशिवाय घास उतरत नाही. पहिले दोन दिवस मी देवीचं नाव घेत ढकलले. नंतर नंतर तर स्वप्नातही मला ठेचाच दिसायला लागला.

एका दुपारी मायलेकरं आतल्या खोलीत निजली होती. मी कानोसा घेतला, मधलं दार ओढून घेतलं आणि परसात गेले. तिथे आंघोळीच्या पाण्याची चूल होती. लोखंडी पळीत चमचाभर तेल, मोहरी, चार लसणीच्या पाकळ्या आणि दोन लाल मिरच्या. ती फोडणी चर्रकन सकाळच्या वरणावर ओतली आणि तिथेच उकिडवं बसून भाकरी चुरून खाल्ली. काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. पळी राखेने घासली, चूळ भरली, हातालाही राख लावली. घरात आले तेव्हा हेमा पाठ करून निजलेली होती. देव्हाऱ्याकडे मात्र मी काही केल्या बघितलं नाही.

त्या रात्री ताप फार चढला. पोरगं बरळत होतं. हेमा ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत बसली होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळून जपमाळ ओढत होते. मला ठाऊक होतं ना, दुपारी काय केलं ते.

आणि दुसऱ्या दिवशी नवल झालं. मी रोजच्यासारखी सकाळी शितळादेवीच्या देवळात पाणी घालून परत आले, तर चैतन्य उठून बसलेला. कपाळाला हात लावला तर गार. अंगाला घाम सुटलेला. दुपारी तो हेमाच्या मांडीवर बसून चक्क हसला, खडूने फरशीवर रेघोट्या मारल्या.

मला कोण आनंद झाला! बाईंनी माझी चूक पोटात घातली, असंच मला वाटलं. आणि आनंदाच्या भरात माझी जीभ सुटली.

“बघितलंस, हेमा? औषधाबिगर उतरला का न्हाई? तू तर डॉक्टराकडं पळाली होतीस.”

“हो, आत्या.”

“माझं ऐकलंस म्हणून. न्हाईतर आज काय झालं असतं?”

हेमा खाली मान घालून पोराच्या अंगाखालचा पाला बदलत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, ओशाळली. मी आणखी दोन वाक्यं ऐकवली. शेजारच्या मालूताईलाही भिंतीवरून हाक मारून सांगितलं, की आमच्याकडे बाई शांत झाल्या म्हणून.

तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस असाच गेला. ताप यायचा, उतरायचा. हेमा पोराजवळून हलत नव्हती. मला जवळ बसवून घ्यायलाही ती फारशी राजी नसायची. “तुम्ही पडा जरा, आत्या, मी आहे,” म्हणायची. मी पडायची.

मग एका सकाळी चैतन्यने उभं राहायला नकार दिला. “पाय, पाय” करून रडायला लागला. हेमाने चड्डी काढली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. उजव्या मांडीवर, एका खाजवून फुटलेल्या फोडाच्या भोवती तळहाताएवढा भाग लालभडक झाला होता. सुजून तुकतुकीत. हात लावला की पोरगं किंकाळी फोडत होतं.

मांडीवरचा तो डाग मला माझ्या पळीएवढा दिसला. खोटं सांगत नाही. तेवढाच, गोल.

“आत्या, मी ह्याला घेऊन जाते,” हेमा म्हणाली.

“थांब. आधी दहीभाताचा निवद दाखवू. माफी मागू. मग जा.”

“कसली माफी?”

मी सरळ तांदूळ धुवायला घेतले. भात टाकला, तो निवेपर्यंत देव्हाऱ्यासमोर बसून नाक घासलं, कान धरले, नवस बोलले. भात, दही, नैवेद्य, पाच सवाष्णींच्या नावाने पाच घास असं करता करता सकाळ सरली. अर्धा दिवस मी खाल्ला. इतकी वर्षं झाली तरी तो भात शिजण्याची वाट बघत बसलेली मी मला दिसते आणि स्वतःचंच तोंड बघू नये असं वाटतं.

देव्हाऱ्यापासून उठून बघते तर लाल डाग मांडीभर झालेला. मधोमध जांभळी झाक. पोरगं आता रडतही नव्हतं, नुसतं कण्हत होतं.

हेमाने त्याला दुपट्यात गुंडाळला. चपला घातल्या नाहीत की पदर सारखा केला नाही. मी दाराकडे वळले तर ती एवढंच म्हणाली, “आत्या, आता उंबऱ्यात बसलात तर मी तुम्हाला ओलांडून जाईन.”

मी बसले नाही. तिच्या मागून अनवाणी पळाले.

गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांनी मांडी बघितली आणि हातही लावला नाही. “मिरजेला न्या. आत्ताच्या आत्ता. जीप मी सांगतो,” म्हणाले.

जीपमध्ये पोराचं डोकं हेमाच्या मांडीवर आणि पाय माझ्या. मला सारखं वाटत होतं, सांगून टाकावं. हेमा, मी फोडणी दिली गं, जिभेच्या चोचल्यापायी तुझं पोर घालवायला निघाले. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिचा चेहरा बघून परत जायचे. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते. मला वाटलं, ती मनातल्या मनात मला शिव्याशाप देतेय. द्यायलाच हव्यात, असं मी स्वतःशी म्हणत होते.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर नाईकवडी म्हणून बाई होत्या. वयाने हेमाएवढ्याच, केस कसेबसे बांधलेले, बोलणं तडक. त्यांनी मांडी दाबून बघितली, पोट दाबून बघितलं, ओठ उलटून बघितले.

“लघवी कधी केली यानं?”

हेमा म्हणाली, “काल संध्याकाळी. थोडीशी.”

“त्यानंतर नाही?”

“नाही.”

डॉक्टरांनी नर्सला भराभर काही सांगितलं. सलाईन आली. मग त्या आमच्याकडे वळल्या.

“ताप इतके दिवस आहे. औषध काय दिलंत?”

मी पुढे झाले. “काय बी दिलं न्हाई, बाई. आमच्यात देत न्हाईत. बाई घरात असताना औषध चालत न्हाई.”

“आजी, ह्या बाई नाहीत, कांजिण्या आहेत. पोर तापाने फणफणतंय आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसलात?”

“आमची रीतच हाय ती. आणि माझ्या हातनं एक चूक झाली, डॉक्टर,” मला आता राहवेना. रडू कोसळलं. “मी फोडणी दिली. परसात, चोरून. त्यामुळं झालं हे सगळं.”

हेमाने माझ्याकडे वळून बघितलं. डॉक्टरांचा आवाज जरा उतरला.

“आजी, फोडणीने काही होत नसतं.” आणि हेमाकडे वळून, “तुम्ही सांगा. काहीही पोटात गेलंय का? गोळी, सिरप, काढा, काहीही. मला हे माहीत असल्याशिवाय पुढची औषधं ठरवता येणार नाहीत. लपवू नका. याचा पाय वाचवायचा आहे आणि पोरगंही.”

हेमाच्या हातात दुपटं होतं. ती त्याची कड पिळत होती.

“दिलंय,” ती म्हणाली. “तापाचं औषध. गुलाबी. माझ्या बहिणीच्या मुलीची दाढ काढली होती, तेव्हाचं उरलेलं. ती दिवाळीला आली आणि बाटली आमच्याकडे राहिली. कपाटात साड्यांच्या मागे होती.”

“नाव?”

हेमाने नाव सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटले.

“किती वेळा?”

“आत्या देवळात गेल्या की सकाळी. मग दुपारी, आणि रात्री. आजवर तसंच. आज पहाटेही दिलंय.”

“आणि एका वेळी किती?”

“बहिणीच्या मुलीला जेवढं सांगितलं होतं तेवढंच. एक थेंब जास्त नाही दिला, डॉक्टर, देवाशपथ.”

“ती मुलगी केवढी?”

“नऊ वर्षांची.”

आता जे सांगायचं ते सांगते. हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? पोराचं काय होणार, असं आलं का? सुनेने माझा शब्द मोडला, असं आलं का? नाही. माझ्या मनात आलं, सुटले! मी नव्हे! माझी फोडणी नव्हे, हिचं औषध. छातीवरची धोंड गडगडत खाली गेली आणि मी मोकळा श्वास घेतला, मोठ्याने, ऐकू जाईल असा. आणि माझा चेहरा, जो रडून रडून सुजला होता, तो फुलला असणार. कारण हेमा माझ्याकडेच बघत होती आणि तिने ते बघितलं. मग तिने नजर खाली घातली.

डॉक्टर बोलत होत्या. त्यांचं बोलणं मला तेव्हा अर्धवटच ऐकू आलं, पण पुढे वॉर्डात त्यांनी ते पुन्हा नीट समजावलं म्हणून सगळं ध्यानात राहिलं.

“हे औषध वाईट नाही. ताप उतरवतं, दुखणं मारतं, सूज उतरवतं. एरवी आम्हीच देतो. पण कांजिण्यांत देत नाही. फोडांवाटे जंतू आत शिरले, तर कांजिण्यांत हे दिलेल्या पोरांत ते जास्त पसरताना दिसतात. या औषधामुळेच झालं, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. फोड खाजवला, जंतू शिरले, हे नुसतंही होऊ शकतं. पण ह्या औषधाने ताप आणि ठणका दोन्ही दबले. पाय आतून बिघडत होता आणि पोरगं हसत होतं. तुम्हाला कळणार कसं?”

हेमाने दुपट्याची घडी घातली.

“शिवाय त्याच्या पोटात अन्न नाही, पाणी नाही. अशा कोरड्या पडलेल्या पोराला हे दिलं की भार मूत्रपिंडावर येतो. लघवी बंद झाली ती त्यामुळे असेल. आणि माप! औषधाचं माप पोराच्या वजनावर ठरतं. ती मुलगी याच्या दुप्पट वजनाची असेल. कांजिण्यांत तापाला साधं पॅरासिटामॉल चालतं, तेही वजन करून, मोजून. कुणीही डॉक्टरने एका मिनिटात सांगितलं असतं.” त्या हेमाकडे वळल्या. “तुम्ही शिकलेल्या दिसता. विचारलं का नाहीत? तुमच्या गावात डॉक्टर नाहीत का?”

मी तिथेच उभी होते. हेमापासून हातभर अंतरावर. आता ती सांगणार, मी निघाले होते, माझी सासू उंबऱ्यात आडवी बसली. सांगायलाच हवं होतं तिने. मी वाट बघत होते.

“सुचलं नाही,” हेमा म्हणाली. “चूक झाली माझी.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. पोराला शस्त्रक्रियेला नेलं. सडलेला भाग कापून काढावा लागेल, किती ते आत गेल्यावर कळेल, पाय राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही, असं सांगून आमच्याकडून सही घेतली. सही हेमाने केली. बालवाडीच्या हजेरीवर करावी तशी सरळ, आणि त्याचीच मला भीती वाटली.

त्या बाकावर बसल्यावर मला हळूहळू उमगायला लागलं. मी सुटले कुठे होते? ती बाटली तिने साड्यांच्या मागे कुणाच्या भीतीने ठेवली होती? मी देवळात गेल्यावरच औषध का पाजत होती? मी वाट अडवली नसती तर ती सरळ दवाखान्यात जाणार होती, वजन करून घेणार होती, योग्य ते औषध उघड उघड देणार होती. चोरून करायला मी लावलं. मी तिला माझ्यासारखीच चोर केली. आणि परत वर तोंड करून म्हणाले, बघितलंस, औषधाबिगर उतरला का न्हाई! तेव्हा तिने मान वर का केली नाही तेही आता कळलं. तिला सांगायचं असणार. मी सांगू दिलं नाही.

पोर वाचलं. पायही वाचला, मांडीचा मोठा लचका गेला तेवढा. सलाईनवर लघवीही सुरू झाली. पण ते कळायला दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांत श्रीकांत सुरतेहून येऊन पोहोचला.

त्याने पोराकडे बघितलं, आणि मग वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात बायकोवर तुटून पडला. “शिकलेली म्हणून केली तुला! आमच्या घरातल्या अडाणी बायकांनी पोरं वाढवली, कुणाचा पाय न्हाई सडला. चार बुकं शिकलीस आणि दुसऱ्याचं उरलेलं औषध पाजतीस? माझं पोरगं पांगळं केलंस तू!”

हेमा भिंतीला टेकून उभी होती. ऐकत होती.

मी मध्ये पडले. “श्रीकांत, तिला बोलू नगंस. ती डॉक्टराकडं निघाली हुती. मी उंबऱ्यात बसले, जाऊ दिलं न्हाई. म्हणून तिनं चोरून दिलं. दोष माझा हाय.”

“आई, तू गप बस.”

“अरे, खरं सांगतीया. परवा सकाळी सुदिक मी निवदापायी अर्धा दिस घालवला.”

“तू किती झाकशील तिचं?” त्याचे डोळे भरून आले. “पोराला एवढं झालं तरी तू सुनेचीच बाजू घेतीस. तुझं काळीजच तसलं हाय.”

मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जेवढं सांगावं तेवढा तो माझ्याकडे आणखी मायेने बघायला लागला. शेवटी माझा खांदा थोपटून म्हणाला, “दमलीयास तू. जा, जरा पड.”

मग माणसं यायला लागली. नणंदा, भाचे, मालूताई, गल्लीतल्या बायका. प्रत्येकीला मी सांगायला गेले आणि प्रत्येकीने तेच केलं. “अगं, सुनंचं खापर स्वतःच्या डोस्क्यावर घेणारी सासू कुठं बघायला मिळती का?” म्हणून मालूताईने तर मला हात जोडले. आणि मग सगळ्या वळून हेमाकडे बघायच्या. ती कोपऱ्यात पोराचं दूध गार करत असायची. त्या बघण्याला काय म्हणावं? तिला जन्माची लाज वाटावी असं ते बघणं होतं. आणि ते मी बोलावून आणत होते, माझ्या तोंडाने.

एका दुपारी चैतन्यचं ड्रेसिंग झालं आणि तो थकून झोपला. वॉर्डात आम्ही दोघीच. खिडकीतून ऊन आलं होतं, ते पोराच्या तोंडावर येऊ नये म्हणून हेमा पदर धरून उभी होती.

“हेमा,” मी म्हणाले, “मी सांगते गं सगळ्यास्नी. कुणी ऐकतच न्हाई. आज तुझा भाऊ येणार हाय, त्याला बसवून सांगते बघ नीट.”

“नका सांगू, आत्या.”

“का? खरं हाय ते.”

“खरं आहे. पण तुम्ही सांगितलं की तुम्ही आणखी मोठ्या होता.” तिचा आवाज अगदी साधा होता, रागाचा लवलेश नव्हता. “आणि मी आणखी खाली जाते. आता माझ्यात खाली जायला जागा नाही.”

मी पोराचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, “डॉक्टरनी इचारलं तवा तू माझं नाव का घेतलं न्हाईस? घ्यायला हवं होतंस. मी तिथंच उभी हुती.”

हेमाने पदर दुसऱ्या हातात घेतला.

“तुम्ही फोडणीचं सांगून रडत होता,” ती म्हणाली. “मग मी औषधाचं बोलले आणि तुमचा जीव एकदम हलका झाला. मी बघितलं ते. मला वाटलं, असू दे. दोघीही कोसळलो तर पोराकडं कुणी बघायचं? एक तरी उभी राहिलेली बरी. तुम्हाला परत खाली ओढायचं माझ्या जिवावर आलं.”

एवढं बोलून ती परत पोराकडे बघायला लागली. ऊन सरकलं तशी तीही एक पाऊल सरकली.

मला त्या क्षणी उठून तिच्या पाया पडावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं, गुडघ्यांवर हात टेकून मी अर्धी उठलेही होते. पण सासूने सुनेच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही. मी परत खाली बसले.